मोजल्याशिवाय हात लावू नये

आमच्या क्लबात हाताने काडतुसं भरायला शिकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: कुठली दारू आणि किती ग्रेन? त्याचं उत्तर गोळ्या आणि दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या छापील पुस्तिकांत असतं. सुरुवातीचं वजन, कमाल वजन, दोन्ही दिलेली असतात. ते तिथूनच घ्यावं, शेजाऱ्याच्या तोंडून घेऊ नये. पण एकसारखी पन्नास काडतुसं कशी भरायची, पन्नासावं पहिल्यासारखंच वागेल याची खात्री कशी मिळवायची, हे त्या पानांत सापडत नाही. मला या कामात धरून ठेवलं ते याच प्रश्नाने.

मी मूळचा पुण्याचा. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदवारी केली, मग गुणवत्ता विभागात गेलो आणि नोकरीच्या निमित्ताने ओहायोत आलो. बंदुकीशी संबंध म्हणाल तर कॉलेजात एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलपुरता. इथे एका सहकाऱ्यामुळे लांब पल्ल्याच्या नेमबाजीत शिरलो. भारतात शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. ओहायोत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला कायद्याची आडकाठी नाही, आणि हजार यार्डांवर खेळणारे बहुतेक जण तळघरात किंवा गॅरेजात एक टेबल त्यासाठीच राखून ठेवतात. टूलरूममध्ये हाताला लागलेली शिस्त मी त्या टेबलावर आणली. मायक्रोमीटर, डायल, ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोलायची सवय, सगळं कामाला आलं.

मी खेळतो तो प्रकार एफ-टीआर, एफ-क्लासचाच एक उपप्रकार. एफ-क्लासची सुरुवात कॅनडातल्या जॉर्ज फार्क्युहरसन यांनी केली. वयामुळे पट्टा बांधून रायफल पेलवत नाही, साध्या साइटमधून नीट दिसत नाही, अशा नेमबाजांनाही खेळात राहता यावं म्हणून पालथं पडून, रायफलला टेकू आणि दुर्बीण लावून नेम धरायची मुभा यात आहे. एफ-टीआरमध्ये .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन ही दोनच काडतुसं चालतात. सगळा साज धरून रायफल ८.२५ किलोच्या आत बसावी लागते.

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं आणि त्याच्या आतलं एक्स पाच इंचांचं. .३०८ ची गोळी तिथवर जायला दीड सेकंदाहून जास्त घेते आणि वाटेत तीस-पस्तीस फूट खाली येते. त्यामुळे नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला दहा फुटांनी कमीजास्त झाला, तर लक्ष्यावर गोळी तीन ते साडेतीन इंच वर किंवा खाली लागते. वारं याहून कडक. आडव्या वाऱ्यात ताशी एक मैलाचा फरक पडला की गोळी आठ-दहा इंच बाजूला जाते.

काडतुसाकडून काय हवं, ते या आकड्यांतच आहे. उभा फरक मुख्यतः काडतुसाचा, आडवा मुख्यतः वाऱ्याचा. उभी पट्टी अरुंद आणि भरवशाची असेल, तर बाजूला गेलेली गोळी नेमबाजाला वाऱ्याबद्दल काहीतरी सांगते. उभी पट्टीच विस्कटलेली असेल, तर कोपऱ्यात लागलेल्या गोळीचा अर्थ लावता येत नाही. वारं चुकलं, श्वास चुकला की काडतूस, हे कळायला मार्ग उरत नाही. काडतुसातलं सातत्य मला हवं असतं ते यासाठी. प्रत्येक गोळीतून पुढच्या गोळीसाठी काहीतरी शिकता आलं पाहिजे.

आता अडचण अशी की कारखान्यात शाफ्ट मोजला तर तो शाफ्ट शिल्लक राहतो. काडतूस मोजायचं म्हणजे उडवायचं. ज्याचं मोजमाप झालं ते संपलं, आणि ज्यावर स्पर्धेत भरवसा टाकायचा त्याचं मोजमाप झालेलंच नसतं. हा पेच दारूगोळ्याइतकाच जुना आहे, आणि कारखान्यात संख्याशास्त्र रुजवणाऱ्यांत शस्त्रागारातली माणसं आहेत ती त्यामुळेच. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला, म्हणजे नेहमीचा चढउतार आणि खरा बिघाड वेगळा ओळखू देणारा आलेख. १९३० च्या दशकात लेस्ली सायमन यांनी न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागारात ही पद्धत दारूगोळ्याच्या तपासणीला लावली. शूहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने भारतातही येऊन गेले. पिंपरीत आमच्या ग्राइंडिंग मशीनशेजारी लटकणारे एक्स-बार आर चार्ट त्यांच्याच पद्धतीचे.

त्या चार्टच्या कोष्टकात एक छोटा गुणक असतो. नमुन्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, मूळ पसाऱ्याच्या कितीपट असेल हे तो सांगतो. नेमबाज मंडळी या रेंजला ईएस म्हणतात आणि मूळ पसाऱ्याला, म्हणजे प्रमाण विचलनाला, एसडी. तीनच्या नमुन्यात ईएस सरासरीने एसडीच्या १.६९ पट येतो, पाचच्या नमुन्यात २.३३ पट, दहाच्या ३.०८ पट आणि वीसच्या ३.७३ पट. काडतुसं तीच, रायफल तीच, भरणारा हातही तोच. वेगाचा एसडी सेकंदाला दहा फुटांचा असेल तर तीन गोळ्या झाडणाऱ्याला सतरा फुटांचा फरक दिसतो आणि वीस झाडणाऱ्याला सदतीस फुटांचा. पहिला खूश होऊन घरी जातो, दुसरा पुंगळीला आकार देणारी नवीन डाय विकत घेतो.

स्पर्धेत मात्र वीस गोळ्या झाडायच्या असतात. सदतीस फूट म्हणजे हजार यार्डांवर उभ्या दिशेत बारा इंचांच्या आसपास. दहाचं वर्तुळ दहा इंचांचं. वारं अजिबात नसलं तरी गुण जाणार, हे त्या कोष्टकात आधीच लिहिलेलं आहे.

माझ्या एका मित्राची मुलगी इथल्या विद्यापीठात मेकॅनिकल शिकते. तिला या खेळाची गोडी लागली आणि वडिलांच्या परवानगीने ती माझ्या टेबलावर काडतुसं भरायला येऊ लागली. एकदा ती वही घेऊन आली. दारूचं वजन पायरीपायरीने वाढवत तिने प्रत्येक वजनाच्या तीन-तीन गोळ्या झाडल्या होत्या आणि एका ओळीभोवती लाल पेनाने चौकट केली होती.

“काका, हे बघा. या वजनाला ईएस फक्त आठ. इथेच नोड आहे, वेग स्थिर राहतो ती जागा. वरच्या वजनाला सव्वीस, खालच्याला बावीस.”

“तीन गोळ्यांवर?”

“सगळे तीनच झाडतात ना.”

मी तिला तिने निवडलेलं तेच वजन पुन्हा भरायला लावलं, एकाच बैठकीत, एकाच डब्यातल्या दारूने. रेंजवर रडार क्रोनोग्राफ लावून तिने ती सगळी काडतुसं झाडली आणि वेग क्रमाने लिहून काढले. मग त्याच रकान्यावर तिला दर तीन आकड्यांनंतर आडवी रेघ मारायला सांगितली आणि प्रत्येक त्रिकुटाचा ईएस बाजूला लिहायला सांगितला. एका त्रिकुटात पाच आला, पुढच्यात अठ्ठावीस, मग चौदा. वजन सगळ्यांचं एकच होतं. तिने पेन खाली ठेवलं, जुन्या पानावरची लाल चौकट पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाली, “म्हणजे तो आठ कुठेही आला असता.”

मला हे तिच्याच हातून व्हायला हवं होतं. मी नुसतं सांगितलं असतं तर ते एका काकाचं मत ठरलं असतं. नंतर आम्ही दोघांनी मिळून विश्वासमर्यादा काढल्या. पाच गोळ्यांवर एसडी सहा आला, तर खरा एसडी साडेतीनपासून सतरापर्यंत कुठेही असू शकतो, आणि तेही ९५ टक्के खात्रीने सांगायचं झालं तर. वीस गोळ्यांवर तोच सहा आला, तर खरा आकडा साडेचार ते नऊच्या दरम्यान. महागडी गोळी, घटणारं नळीचं आयुष्य, दुखणारा खांदा, सगळं मान्य करूनही वीसच्या खाली जाऊन निर्णय घ्यायला माझं मन धजत नाही.

तीन गोळ्यांवर विसंबण्यातला खरा तोटा वेगळाच आहे. माणूस दर वेळी काहीतरी बदलतो. आज दारू दोन दशांशाने कमी, उद्या गोळी तीन थाऊ आत, परवा दुसरे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोप्या. गुणवत्तेचं शास्त्र शिकवणारे डेमिंग आपल्या वर्गात नरसाळ्याचा प्रयोग करून दाखवत. टेबलावरच्या खुणेवर नरसाळं धरायचं आणि त्यातून गोटी सोडायची. ती खुणेपासून जितकी दूर थांबली तितकं नरसाळं उलट्या दिशेला सरकवायचं, आणि पुन्हा सोडायची. प्रामाणिकपणे केलेल्या या दुरुस्त्यांनी गोट्यांचा पसारा वाढतो. नरसाळ्याला हात न लावणारा माणूस यात जिंकतो. रीलोडिंगच्या टेबलावर मी हा प्रयोग लोकांना नकळत करताना पाहतो, आणि मनापासून हळहळतो, कारण त्यांच्या मेहनतीत काहीच कमी नसते.

पसारा मोजायला शिकलं की पुढचा प्रश्न येतो: तो येतो कुठून? दारूचं वजन, पुंगळीचं आकारमान, मानेची पकड, प्रायमर, गोळीची बसण्याची खोली, असे कितीतरी उगम. त्यांचे परिणाम सरळ मिळवता येत नाहीत, वर्ग करून मिळवावे लागतात. एका उगमातून आठ फुटांचा आणि दुसऱ्यातून तीन फुटांचा पसारा येत असेल, तर एकूण साडेआठ. तीनवाला उगम पुरता नाहीसा केला तरी आठ उरतात, म्हणजे सगळी मेहनत अर्ध्या फुटासाठी. आठवाला नुसता निम्मा केला की एकूण पाचवर येतो. म्हणून सर्वांत मोठा उगम आधी शोधायचा आणि त्यावरच वेळ घालवायचा.

दारूचं उदाहरण घेतो. .३०८ मध्ये वजन ०.१ ग्रेनने, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमने बदललं की वेग साधारण पाच-सहा फुटांनी बदलतो. चांगल्या तराजूवर तेवढं नियंत्रण सहज ठेवता येतं, आणि ठेवायलाच हवं. पण काही जण चिमट्याने एकेक दाणा उचलत बसतात. लांबट दाण्याच्या दारूचा एक दाणा ०.०२ ग्रेनच्या आसपास भरतो, म्हणजे एक फूट. एसडी आठचा असताना त्या दाण्याने काहीही हलत नाही. त्याच वेळात तराजू तपासून घेतला तर जास्त पदरात पडतं. टेबलावरून एसीचा झोत जात असेल, प्लॅस्टिकच्या भांड्यात स्थिर वीज साठली असेल, तर इलेक्ट्रॉनिक तराजूचा शून्य हळूहळू सरकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मी दर दहा काडतुसांनंतर तपासणीचं वजन ठेवून बघतो. कारखान्यात आधी गेज तपासायचं आणि मग जॉब, हा नियम होता. इथे तो तसाच लागू पडतो.

माझ्या अनुभवात मोठा वाटा निघाला तो पुंगळीच्या मानेचा. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. प्रत्येक वेळी काडतूस उडालं की मान फुगते, आणि डायमध्ये घालून ती पुन्हा आवळावी लागते. असं वारंवार झालं की पितळ कडक होतं. पुण्यात तांबट आळीत हे कोणाला सांगावं लागत नाही. मठारता मठारता भांडं कडक होतं, ते भट्टीत तापवून मऊ केल्याशिवाय पुढचा ठोका घालता येत नाही. कडक झालेली मान डायमधून निघताना थोडी उसळून परत मोठी होते, आणि प्रत्येक पुंगळी वेगळी उसळते. एकीची मान गोळीला घट्ट धरते, दुसरीची सैल. दारूने पेट घेतल्यावर गोळी सुटायला लागणारा जोर बदलतो आणि त्यासोबत दाबाची चढणही.

पितळात अडकून राहिलेला ताण किती वाईट असू शकतो, हे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांनी पाहिलं होतं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि पितळातला ताण मिळून हे घडवतात, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. उपायही त्यातूनच निघाला: पुंगळ्या बेताने तापवून ताण काढून टाकायचा. अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर मी पुंगळ्यांजवळ येऊ देत नाही तो या माहितीमुळे.

मान तापवण्याचं काम मी घाई नसलेल्या संध्याकाळी करतो. इंडक्शनच्या वेटोळ्यात पुंगळीची फक्त मान आणि खांदा जातो, काही सेकंद थांबतो आणि बाहेर येतो. उष्णता बुडाकडे जाता कामा नये. बुडाचं पितळ कडकच राहिलं पाहिजे, कारण सगळा दाब तिथे पेलायचा असतो, आणि मऊ पडलेलं बूड नेमबाजाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतं. बुडाबाबत शंका आली तर पुंगळी पकडीने चेपून भंगारात जाते. मग साइझिंग, म्हणजे डायमध्ये घालून पुंगळी पुन्हा मापावर आणणं. झाडलेल्या पुंगळीच्या खांद्यापेक्षा एक-दोन थाऊच मागे ढकलायचं, त्याहून जास्त ढकललं तर पितळ लवकर ताणून फाटतं. शेवटी मानेतून मँड्रेल, म्हणजे ठरावीक जाडीची गुळगुळीत सळई फिरवायची, म्हणजे आतला व्यास गोळीच्या .३०८ इंचांपेक्षा दोन थाऊ कमी राहतो आणि मानेच्या भिंतीतला उंचसखलपणा बाहेरच्या बाजूला जातो.

गोळी बसवताना मला प्रेसच्या दांड्यातून सगळं कळतं. दांडा खाली येतो, गोळीचं बूड मानेच्या तोंडाला टेकतं, आणि तिथून ती आत जाईपर्यंत हाताला एकसारखा जोर लागला पाहिजे. मधेच अडकली, किंवा जोर लागलाच नाही, तर ते काडतूस मी वेगळ्या डब्यात टाकतो. ती काडतुसं सरावाला आणि साइटरला, म्हणजे सुरुवातीच्या बिनगुणांच्या गोळ्यांना जातात, मोजणीच्या गोळ्यांत जात नाहीत. मानेच्या आत ग्रॅफाइटचा पुसटसा हात फिरवला की ही अडखळ बरीच कमी होते. बसलेल्या गोळीची लांबी टोकापासून मोजत नाही, कारण टोकं लहानमोठी असतात. कंपॅरेटर लावून ओजाइव्हवरून मोजतो, म्हणजे गोळी नळीच्या आट्यांना जिथे भिडणार तिथून.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का, ते मी आलटूनपालटून झाडून तपासतो. तापवलेली मान एक, न तापवलेली एक, पुन्हा तापवलेली. सगळी एका प्रकारची आधी आणि दुसऱ्या प्रकारची नंतर झाडली, तर तापलेली नळी, वाढलेलं ऊन, दमलेला खांदा यांचा हिशेब एकाच बाजूला चढतो. आलटूनपालटून झाडलं की तो दोघांत वाटला जातो. या कसोटीवर मानेचं काम टिकलं. प्रायमर वजन करून निवडणं माझ्या रायफलीत टिकलं नाही. एकाच लॉटच्या पुंगळ्या दशांश ग्रेनपर्यंत वर्गवारी करून ठेवणंही टिकलं नाही, म्हणून ते थांबवलं. दुसऱ्याच्या रायफलीत निकाल वेगळा येऊ शकतो. त्याने तो स्वतः काढावा.

सातत्याच्या या सगळ्या खटाटोपात जिवाची काळजी सर्वांच्या वर. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. प्रायमरचा उघडा डबा दारूपासून लांब. भरलेल्या प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून दारूची पातळी बघायची, कारण एखाद्या पुंगळीत दारू कमी-जास्त पडली असेल तर ती इथेच दिसते. दारूचा लॉट बदलला की जुनं वजन विसरून पुस्तिकेतल्या खालच्या आकड्यापासून पुन्हा वर यायचं. भरताना फोन वरच्या मजल्यावर. मित्राच्या मुलीने हे नियम माझ्याकडून ऐकले आणि आता ती ते माझ्यावरही लावते. “काका, फोन,” एवढंच म्हणते.

ओहायोत लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरी आहे. मधले काही खंड सोडले तर १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरतात. लक्ष्यांच्या मागे सरोवर, त्यामुळे एखादी होडी धोक्याच्या पट्ट्यात शिरली की सगळ्यांची नेमबाजी थांबते आणि होडी जाईपर्यंत वाट पाहायची. वारं पाण्यावरून येतं आणि सतत मन बदलतं. नेमबाज आळीपाळीने लक्ष्याखालच्या खड्ड्यात जातात. एनसीसीत त्याला आम्ही बट म्हणायचो. गोळी लागली की लक्ष्य खाली ओढायचं, भोकात चकती खोचायची आणि वर ढकलायचं.

तिथे मी एकदा मित्राच्या त्या मुलीच्या मागे दुर्बीण लावून बसलो होतो. चकत्या मधल्या पट्टीत येत होत्या, थोड्या डावीकडे, थोड्या उजवीकडे, पण उंची साधारण तीच. मग एक गोळी उजवीकडे नऊमध्ये गेली, उंची मधल्या रेषेवरच. तिने लगेच दुसरी झाडली नाही. डोळा दुर्बिणीवरून काढला, सरोवराकडच्या निशाणांकडे पाहिलं, ती पुन्हा पहिल्यासारखी फडकेपर्यंत थांबली, आणि त्यानंतरची गोळी एक्समध्ये लावली. खाली उतरल्यावर म्हणाली, “वारं वाढलेलं मला दिसलं नव्हतं, पण काडतूस चुकलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही.”

काडतूस भरणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती मिळत नसते. तिचा एसडी क्लबातला सर्वांत कमी नव्हता. पण तो किती आहे हे तिला माहीत होतं, पुरेशा गोळ्यांवर मोजलेलं होतं, आणि म्हणून वाऱ्यावर लक्ष द्यायला ती मोकळी होती.

नवीन येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. नवी डाय, नवा तराजू, नवी गोळी घेण्याआधी आहे त्या सामानावर एकाच वजनाची वीस काडतुसं जपून भरा, झाडा आणि सगळे वेग लिहा, एकही न वगळता. आकडा आवडला नाही तर सर्वांत मोठा उगम शोधा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुनं-नवं आलटूनपालटून पुन्हा वीस-वीस झाडा. यात पैसे आणि नळीचं आयुष्य दोन्ही खर्च होतं. दर आठवड्याला काहीतरी बदलत राहण्यात ते याहून जास्त खर्च होतं, आणि शेवटी हाती काही लागत नाही.